खोल जाण्याचं कारण फक्त इमारती नाहीत

भुयारी मेट्रोबद्दल एक प्रश्न विचारला जातो : रस्ता उकरून, बोगदा बांधून पुन्हा झाकता येतो, तर एवढं खोल जायचंच कशाला? लंडनची १८६३ची पहिली भुयारी रेल्वे बरीचशी तशीच बांधली होती. पण वरच्या थरात जलवाहिन्या, गटारं, केबल, इमारतींचे पाये यांची दाटी असते. त्याखाली गेलं की मार्ग रस्त्यांशी बांधलेला राहत नाही. कधी भूगोलच ठरवतो : कीव्हचं आर्सेनाल्ना स्टेशन सुमारे १०५ मीटर खोल आहे, कारण ते नीपर नदीकाठच्या उंच टेकडीखाली आहे.

मला खरं थक्क करतं ते टीबीएमचं, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या यंत्राचं काम. मऊ, पाणथळ मातीत हे यंत्र कापलेली माती पुढच्या कप्प्यात दाबून धरतं आणि तोच दाब समोरची माती आणि भूजल थोपवतो. स्क्रू कन्व्हेयरने, म्हणजे माती मागे ओढणाऱ्या फिरत्या मळसूत्राने, माती जेवढी कापली तेवढीच काढायची. जास्त निघाली तर वरची जमीन खचते. मागे लगेच काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसतं आणि त्यालाच जॅक रेटून यंत्र पुढे सरकतं. कड्याबाहेरची फट ताबडतोब ग्राउटने, म्हणजे घट्ट होणाऱ्या पातळ मिश्रणाने, भरावी लागते. वरच्या घरांना तडे जाणार की नाही, हे बरंचसं या भरणीवर ठरतं.