एसएक्स१२७६ चिपवर पाठवण्याची आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी कशी ठेवावी?

कलमबाग_देवगड
नमस्कार. देवगड तालुक्यातील आमच्या हापूसच्या बागेत सड्यावर (कातळाच्या पठारावर) पाण्याची टाकी आहे. ती भरली की वाडीतला पंप आपोआप बंद व्हावा, यासाठी एसएक्स१२७६ या रेडिओ चिपचे दोन लोरा (लांब पल्ल्याचे, कमी विजेवर चालणारे रेडिओ) मॉड्यूल बसवले आहेत. टाकीजवळचा नोड (मॉड्यूल बसवलेला संच) पाण्याची पातळी ८६५.०६२५ मेगाहर्ट्झवर पाठवतो आणि लगेच घराकडची पोच ८६६.५५ मेगाहर्ट्झवर ऐकतो, अशी योजना आहे. पातळी घरी व्यवस्थित पोहोचते, परंतु पोच सड्यावर एकदाही मिळालेली नाही. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) फ्रिक्वेन्सीची तीनच रजिस्टरे, म्हणजे चिपमधील आकडे साठवण्याच्या जागा, दिसतात. ऐकण्यासाठीची वेगळी रजिस्टरे कोठे आहेत?

रत्नदुर्ग
वेगळी रजिस्टरे नाहीत. या चिपमध्ये सिंथेसायझर, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, एकच आहे. ती एका वेळी एकतर पाठवते किंवा ऐकते, आणि दोन्ही कामांसाठी ६, ७ आणि ८ या पत्त्यांवरची तीच तीन रजिस्टरे वापरते. त्यामुळे फ्रिक्वेन्सी ‘ठेवायची’ नसून प्रत्येक वेळी बदलायची असते: पाठवणे संपल्याची खूण मिळाली की चिप स्टँडबायमध्ये (थांबून तयार असलेल्या स्थितीत) आणावी, नवी फ्रिक्वेन्सी लिहावी आणि मगच रिसीव्ह मोड सुरू करावा. ही रजिस्टरे स्लीप किंवा स्टँडबायमध्येच बदलावीत असे डेटाशीट सांगते. शिवाय बदल लागू होतो तो ८ व्या पत्त्यावरचा सर्वांत खालचा बाइट लिहिल्यानंतर, म्हणून तो शेवटी लिहावा.

अष्टागर_अलिबाग
वरील उत्तर बरोबर आहे. त्यात आकड्यांची भर घालतो. चिपला ठोका देणारा क्रिस्टल ३२ मेगाहर्ट्झचा असल्याने रजिस्टरमधील एक पायरी ३२ मेगाहर्ट्झ भागिले २ चा १९ वा घात, म्हणजे सुमारे ६१ हर्ट्झ, इतकी असते. मेगाहर्ट्झमधील फ्रिक्वेन्सीला १६३८४ ने गुणले की थेट रजिस्टरचा आकडा मिळतो. ८६५.०६२५ साठी तो १४१७३१८४ येतो, म्हणजे तीन बाइट २१६, ६८, ०, आणि ८६६.५५ साठी १४१९७५५५, म्हणजे २१६, १६३, ५१. रिसीव्ह मोड सुरू करण्याआधी तिन्ही रजिस्टरे परत वाचून हे आकडे जुळतात का, ते अवश्य पाहावे. हर्ट्झमधील आकडा १९ बिटांनी सरकवून हिशेब करत असाल, तर तो ३२ बिटांत मावत नाही. ६४ बिटांचा चल न वापरल्यास भलतीच फ्रिक्वेन्सी लिहिली जाते आणि चिप कोणतीही तक्रार करत नाही.

दोन्ही फ्रिक्वेन्सी भारतातील ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात बसतात, ही आपली निवड योग्य आहे. मात्र तेथे वाहकाची (रेडिओ लहरीची) रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंतच चालते, म्हणून ५०० किलोहर्ट्झची बँडविड्थ (सिग्नलने व्यापलेल्या पट्ट्याची रुंदी) घेऊ नये.

कलमबाग_देवगड
दोघांचेही मनापासून आभार. स्टँडबायची पायरी घातल्यावर रजिस्टरांत २१६, १६३, ५१ दिसू लागले आणि पोच येते आहे. बागेच्या दुसऱ्या टोकालाही एक नोड बसवायचा आहे. तेथे पल्ला वाढावा म्हणून बँडविड्थ १२५ वरून ७.८ किलोहर्ट्झवर आणावी का?

रत्नदुर्ग
आणू नये. साध्या मॉड्यूलच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत १० भागांची चूक धरली, तरी ८६६ मेगाहर्ट्झवर ती साडेआठ किलोहर्ट्झहून अधिक होते, म्हणजे ७.८ किलोहर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यापेक्षाही जास्त. त्यात एप्रिल-मेमध्ये सड्यावरची कातळ तापते, बंद डबा त्याहून तापतो आणि क्रिस्टल आणखी सरकतो. इतक्या अरुंद पट्ट्यासाठी टीसीएक्सओ, म्हणजे तापमानानुसार स्वतःला सावरणारा क्रिस्टल, लागतो. १२५ किलोहर्ट्झच ठेवून स्प्रेडिंग फॅक्टर (संदेशाचा प्रत्येक अंश किती वेळ पसरून पाठवायचा ते ठरवणारा आकडा) दोन्ही नोडांवर १० करावा. संदेश पाठवायला जास्त वेळ लागेल, पण टाकीच्या पातळीला त्याने काही बिघडत नाही. अँटेनाची तारही मोजून घ्यावी: ८६५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर होते, आणि ४३३ च्या मॉड्यूलसोबत मिळणारी सुमारे सतरा सेंटिमीटरची तार येथे चालणार नाही. खाऱ्या वाऱ्यात अँटेनाच्या तारेचा सांधा लवकर गंजतो, म्हणून त्यावर सिलिकॉन लावून तो बंद करावा.