अनुभव धागा: कॉलेजातली तक्रार समिती, फलकावरची आणि खरी

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७चा, त्यावरचा कायदा २०१३चा, कॉलेजांसाठीचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम २०१५चे. अशा तक्रारी ऐकायला कॉलेजात समिती असते. कागद भरपूर झालेत, म्हणून अनुभव विचारतेय. मोठंच काही घडलेलं असायला हवं असं नाही. कॉलेजचं नाव नको. सुरुवात माझ्यापासून.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी गाइड रात्री अकराला 'चर्चेसाठी' फोन करायचे. प्रबंधातल्या प्रकरणावर दोन मिनिटं, मग मी काय घातलंय, एकटी आहे का. प्रबंधावर सही त्यांचीच, त्यामुळे गप्प राहिले. चार महिने गेले. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, आता काही होत नाही, असं कुणीतरी सांगितलं आणि मी ते खरं धरून बसले. ग्रंथालयातल्या ताईंनी नियमच काढून हातात ठेवले: उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी चालू असताना त्या माणसाला तुमचं काम तपासण्यापासून दूर ठेवता येतं. हे दुसरं वाचलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. गाइड बदलून मिळाले. नव्वद दिवसांची चौकशी मात्र सात महिने चालली.

*

आमच्या हॉस्टेलचं फाटक साडेआठला बंद, मुलांचं रात्रभर उघडं. 'तुमच्याच सुरक्षेसाठी.' सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला वेगळी बंधनं घालू नयेत, हेही यूजीसीच्या त्याच नियमांत आहे. ते पान छापून रेक्टर मॅडमना दिलं. "पालकांना काय सांगू?" म्हणाल्या. पण वेळ दहा केली. लॅबच्या रस्त्यावर दिवे लागायला आणखी वर्ष गेलं. (त्याला कुठलं कलम लागतं?)

*

मुलगा आहे, लिहिलं तर चालेल ना? विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तेही निवडून आलेले. आमच्याकडे निवडणूक झालीच नाही. 'तू शांत आहेस' म्हणून सरांनी माझं नाव घातलं. पहिल्याच बैठकीत तक्रार करणाऱ्या मुलीला विचारलं गेलं, "त्याच्या गाडीवरून तूच गेली होतीस ना?" मी खरंच शांत बसलो. नंतर तो प्रश्न इतिवृत्तातून गाळायचं ठरत होतं. बाहेरून आलेल्या सदस्य बाई म्हणाल्या, "विचारलाय ना? मग राहू दे लिहिलेला."

*

जिन्याजवळच्या फलकावर समितीचे नंबर आहेत. त्यातल्या दोघी निवृत्त झाल्या, त्या दोघींतली एक मी. अजून फोन येतात. मी उचलते, ऐकून घेते, मग आताच्या अध्यक्षांचा नंबर देते.