इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत काय पाहिलंत? अनुभव सांगा

मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे रेडिंगला आले तेव्हा पहिले दोन शनिवार-रविवार लंडनमध्ये गेले. बाबा सगळं बघत होते, पण फारसं बोलत नव्हते. तिसऱ्या शनिवारी त्यांना ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो नावाच्या खेड्यात घेऊन गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला, घुमटाखाली एक आड आहे. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी स्वतःच्या पैशाने तो या गावाला बांधून दिला आणि 1864 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. त्याचं असं झालं की एडवर्ड रीड हा याच भागातला माणूस कंपनी सरकारच्या नोकरीत तिकडे होता. आपल्या गावाकडे पाण्याचे किती हाल आहेत, घरातलं शेवटचं पाणी प्यायलं म्हणून एका पोराला आईने कसं मारलं, हे त्याने महाराजांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं.

बाबा माण तालुक्यातले. टँकरची वाट बघण्यात त्यांचं लहानपण गेलं. आडाचा व्यास 4 फूट आणि खोली 368 फूट, सगळं हाताने खोदलेलं, हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाली हवा कशी पोचवली असेल?" मग रहाट पाहिला, त्यावरचा सोनेरी हत्ती पाहिला. खोदणाऱ्यांचा विचार करत ते कठड्यापाशी बराच वेळ उभे होते. परतताना गाडीत आपल्या गावच्या विहिरींबद्दल ते जे बोलले, ते मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून वाटतंय की आपल्या लोकांचे असे अनुभव एका जागी यावेत. गड, मठ, वाडे, डोंगर, किनारे, काहीही चालेल. नुसती नावं नकोत. तिथे काय झालं, काय भिडलं, जाताना काय सांभाळावं, ते लिहा.

*

आम्ही शेफिल्डला असतो. माझं उत्तर ईम, डर्बीशायर.

1665 च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला. पुढच्या जूनमध्ये मॉम्पेसन या पाद्र्याने गावकऱ्यांना समजावलं की कुणीही गावाबाहेर जायचं नाही, म्हणजे शेजारची गावं वाचतील. आणि लोक थांबले. सुमारे 260 माणसं गेली असं सांगतात. खुद्द मॉम्पेसनची बायको कॅथरीनही गेली.

घरांपुढे पाट्या आहेत, त्या घरातलं कोण कोण गेलं त्यांची नावं लिहिलेल्या. आज त्याच घरांत लोक राहतात, खिडकीत फुलं असतात, म्हणून पाटी वाचताना आवाज आपोआप खाली येतो. चर्चपासून थोडं चालत गेलं की शेतात रायली ग्रेव्ह्ज लागतात. एलिझाबेथ हँकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली, ती ही जागा. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने थडगी मोजली आणि माझा हात धरून ठेवला.

माझी पणजी सांगायची की प्लेग आला की आमचं गाव ओस पडायचं, सगळे रानात झोपड्या घालून राहायचे. पुण्यात 1897 मध्ये काय झालं ते आपण शाळेत शिकतो. सावित्रीबाई त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. आपल्याकडे माणसं गाव सोडून वाचली, इथे गाव न सोडून त्यांनी दुसऱ्यांना वाचवलं. हे दोन्ही मनात घेऊन मी सीमेच्या दगडापर्यंत चालत गेले. दगडाला सहा भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरच्या लोकांनी धान्य ठेवून जायचं, अशी रीत होती. त्या भोकांत मी बोट घातलं. कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

*

लहान मुलं बरोबर असतील तर स्टोनहेंजच्या आधी एव्हबरीला जा. दोन्ही म्हणजे उभ्या शिळांची प्राचीन वर्तुळं. स्टोनहेंजला एरवी दोरीबाहेरूनच बघावं लागतं. एव्हबरीत शिळांमध्ये फिरता येतं, हात लावता येतो, आणि वर्तुळ इतकं मोठं की गावातली घरं आणि पबसुद्धा त्याच्या आत आहेत. दगड बघायला तिकीट नाही, पार्किंगला पैसे पडतात. मेंढ्या चरत असतात, तेव्हा धाकट्याच्या बुटांकडे लक्ष ठेवा.

*

सासूबाई आल्या होत्या तेव्हाचं लिहिते. आम्ही त्यांना डॉर्सेटला चारमथच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तिथे काळ्या मातीचे कडे ढासळत असतात आणि त्यातून वाळूत अमोनाइट पडतात, 19 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवांचे दगड झालेले शंख. नवऱ्याने एक वेचून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर शाळिग्राम."

आणि ते खरंच आहे. गंडकीच्या पात्रातले शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच, ज्याला आपण चक्र म्हणतो तो त्या जिवाच्या शंखाचा वेटोळा. देवघरात रोज ज्याला तुळस वाहिली, त्याचा भाऊबंद परक्या समुद्राकाठी सापडला म्हणून त्यांना भरून आलं. मी भूगर्भशास्त्र शिकलेली, मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटल्या. त्यांनी तो ओंजळभर समुद्राच्या पाण्यात धुतला आणि रुमालात बांधून घेतला. आता तो सांगलीच्या घरी आहे.

शेजारच्या लाइम रीजिसमध्ये मेरी ॲनिंगचा पुतळा 2022 मध्ये उभा राहिला. गरीब सुताराची मुलगी, बारा वर्षांची असताना तिने इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा उकरून काढला. मुलींना तिची गोष्ट जरूर सांगा.

सांभाळायचं काय: सुटं पडलेलं वेचायला हरकत नाही, पण कड्यावर हातोडी चालवायची नाही आणि कड्याखाली बसायचं नाही, दरड केव्हाही येते. भरतीची वेळ बघूनच उतरा. किनाऱ्यावरच्या माहिती केंद्रात विचारलं तर काय शोधायचं ते छान समजावून सांगतात. वादळानंतर जास्त सापडतं.

*

मी न्यूकॅसलला नर्स आहे, एकटी असते. पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी खोलीत बसवेना, म्हणून रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीवर चालायला जाऊ लागले. इ. स. 122 मध्ये बांधायला घेतलेली भिंत, इंग्लंडच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत 117 किलोमीटर. हाउसस्टेड्सच्या ठाण्यापासून पश्चिमेला गेलात तर भिंत काळ्या कड्याच्या धारेवरून चढते-उतरते. सह्याद्रीत भटकलेल्यांना लगेच ओळख पटेल. तटावरून खाली बघताना मला राजगडाच्या माचीची आठवण आली, फक्त वारा तिथल्यापेक्षा गार.

पण मला रडू आलं ते विंडोलँडा या जवळच्या रोमन ठाण्यात. तिथे चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली आहेत. एक पत्र दुसऱ्या ठाण्यावरच्या क्लॉडिया सेवेराने इथल्या मैत्रिणीला, लेपिडिनाला लिहिलेलं: माझ्या वाढदिवसाला ये, तू आलीस तर दिवस आनंदाचा होईल. मजकूर कारकुनाच्या अक्षरातला, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. आणखी एका पत्रात कुणीतरी कुणाला तरी मोजे आणि चड्ड्या पाठवल्याचं आहे. माझ्या आईने त्याच आठवड्यात कुरियरने लोकरीचे मोजे पाठवले होते. बाहेर येऊन मी तिला फोन केला.

एकदा शेवटची बस चुकली आणि अंधारात मुख्य रस्त्यावरून तासभर चालावं लागलं. ते करू नका. बसचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, आदल्या रात्री बघा. कागदी नकाशा जवळ ठेवा, काही ठिकाणी फोनला रेंज नसते. पिवळा बाण म्हणजे पायवाट, खासगी शेतातून गेली तरी आपल्याला चालण्याचा हक्क असतो. फाटक उघडलंत तर लावून घ्या.

याच भिंतीवर सायकमोर गॅप नावाच्या खिंडीत एकटं उभं असलेलं ते प्रसिद्ध झाड सप्टेंबर 2023 मध्ये कुणीतरी रात्रीत तोडलं. नंतरच्या उन्हाळ्यात बुंध्याला कोंब फुटले. मी कुंपणाबाहेरून बराच वेळ बघत उभी होते.

*

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: यॉर्कशायरचं फाउंटन्स ॲबी. स्टडली रॉयलच्या तळ्याकडून आत शिरा, वाट जवळजवळ सपाट आहे. 1132 मध्ये वसलेला मठ, आठव्या हेन्रीच्या काळात 1539 मध्ये बंद पडला. छप्पर नसलेल्या त्या चर्चपेक्षा मला पश्चिमेकडची कोठाराची लांबलचक कमानदार ओवरी जास्त आवडली. तिथे आईने अभंग म्हटला, हळूच. आवाज शेवटच्या कमानीपर्यंत गेला.

*

सगळं वाचलं. काल रात्री फोनवर बाबांना ईमचं आणि शाळिग्रामाचं वाचून दाखवलं. आईने शाळिग्रामाचं दोनदा वाचायला लावलं. दोघं मे महिन्यात पुन्हा येतायत, चारमथ नक्की ठरलंय. चारमथवाल्या ताई, वयस्कर माणसांना गाडीतळापासून वाळूपर्यंत किती चालावं लागतं, ते सांगाल का? आणि नॉरफोक, कॉर्नवॉलकडचं अजून कुणीच लिहिलेलं नाही.