सख्खा, सावत्र, सहोदर : रक्ताच्या नात्याचे शब्द

एका मृत्युपत्राचा मराठी मसुदा तपासते आहे. त्यात ‘माझे रक्ताचे नातेवाईक’ असं मोघम लिहिलंय. यात मामा धरायचा का? शिवाय वडील एकच, पण आया वेगळ्या, अशा भावंडांना ‘सावत्र’पेक्षा नेमका शब्द आहे का? ‘सहोदर’ चालेल?

—

बोलण्यातला मामा रक्ताचाच. लग्नाने जोडलेली माणसं वगळली की आईकडचे, वडिलांकडचे सगळे रक्ताच्या नात्यात येतात. सरकारी कागदावर मात्र हा शब्द आक्रसतो. राज्याच्या २०१२च्या जात प्रमाणपत्र नियमांत नातेवाईक म्हणजे वडिलांकडचे रक्तनातेवाईक. तिथे जोडायच्या वंशावळीत पणजोबा, आजोबा, चुलते, आत्या असतात. मामाला जागा नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ‘सगेसोयरे’ या शब्दावरून एवढं रान पेटलं ते यामुळेच. सगे रक्ताचे, सोयरे सोयरिकीने झालेले, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. पण २६ जानेवारी २०२४च्या मसुदा अधिसूचनेत सरकारला त्या शब्दाची व्याख्या लिहावी लागली.

तेव्हा मृत्युपत्रात ‘रक्ताचे नातेवाईक’ ठेवूच नका. प्रत्येकाचं नाव आणि नातं लिहा.

‘सावत्र’चा घोटाळा याहून मोठा आहे. वडिलांना दुसऱ्या बायकोपासून झालेला मुलगा सावत्र भाऊ, आणि ती पहिल्या लग्नातला मुलगा सोबत घेऊन आली असेल तर तोही सावत्र भाऊच. पहिल्याशी अर्धं रक्त जुळतं, दुसऱ्याशी थेंबभरही नाही. रोजच्या मराठीत या दोघांना वेगळे शब्द नाहीत, आणि ही उणीव मला खरोखर खटकते.

‘सहोदर’ तर अजिबात वापरू नका. एका उदरातून जन्मलेले ते सहोदर. वाचणारा त्याचा अर्थ सख्खा असाच घेतो, पण शब्दशः पाहिलं तर आई एक आणि वडील वेगळे असलेली भावंडंही त्यात बसतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात नेमकी हीच भावंडं निराळी काढली आहेत: वारसांच्या अनुसूचीत भाऊ-बहीण म्हटलं की ती धरायची नाहीत, असं तिथे स्पष्टीकरण आहे. आणि बाकी नातं सारखंच असेल, तर सख्ख्या रक्ताचा वारस अर्ध्या रक्ताच्या आधी येतो. म्हणून सरळ ‘वडील एक, आई वेगळी’ असं लिहावं. लांबलं तरी चालेल, वाद तरी उरणार नाही.

—

थोडी भर. ‘सख्खा चुलतभाऊ’ हा प्रयोग चूक आहे असं अनेकदा ऐकू येतं. मला तो अगदी बरोबर वाटतो. वडिलांच्या सख्ख्या भावाचा मुलगा तो सख्खा चुलत, आणि वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा तो चुलत-चुलत. इथे ‘सख्खा’ हे विशेषण मधल्या पिढीतलं अंतर सांगतं. तसंच आईचा चुलतभाऊ तो चुलत मामा आणि आईचा मावसभाऊ तो मावसमामा. दोन शब्दांत पूर्ण नकाशा मिळतो; ही सोय आपण जपायला हवी. हल्ली मुलं सरसकट ‘कझिन’ म्हणतात, त्यात आईकडचा की वडिलांकडचा एवढंही कळत नाही.

रक्त आणि नातं यांची मोजमापं जुळतातच असंही नाही. भावकीतल्या लांबच्या चुलत्याचं सुतक दहा दिवस पाळणारी घरं आहेत, आणि लग्न झालेल्या पोटच्या लेकीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवस.

वंशावळ लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. चुलत आणि मावस दोन्हीकडून सारखेच: मी त्याची मावसबहीण, तो माझा मावसभाऊ. मामे आणि आते यांचं तसं नाही. माझ्या मामाचा मुलगा माझा मामेभाऊ, पण मी त्याची आतेबहीण. त्यामुळे नातं कुणाच्या बाजूने लिहिलंय ते कागदाच्या माथ्यावरच नोंदवा, नाहीतर दोन पिढ्यांनी वाचणारा मामेभावाला आतेभाऊ समजेल.