ओरी 'दुय्यम' म्हणे!

मंद्रसप्तक:
काल एकाने इथे न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ ट्रॉम्बोनवादकाबद्दल ठोकून दिलं, "किड ओरी म्हणजे ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगच्या मागे फुंकणारा." डोकं फिरलं. ओरीच्या बँडमधला कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ) किंग ऑलिव्हर न्यू ऑर्लिन्स सोडून शिकागोला गेला, तेव्हा त्याच्या जागी पोरसवदा लुईला घेतलं कोणी? ओरीने. 1922 मध्ये लॉस एंजेलिसला ओरीच्या बँडची रेकॉर्ड निघाली; न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय जॅझ बँडची ती पहिली. लुईची पहिली 1923 ची!

खडूस:
तो मीच. पहिला आला म्हणून थोर? वादन ऐका की. भर्रकन घसरायचं, ढेकर दिल्यासारखं. ट्रॉम्बोन ऐकायचा तर जॅक टीगार्डनचा ऐका, मग बोला.

मंद्रसप्तक:
ती घसर म्हणजेच टेलगेट, साहेब. बँड घोडागाडीत बसून जाहिरात करत हिंडायचा. ट्रॉम्बोनचा पुढेमागे सरकणारा दांडा शेजाऱ्याच्या टाळक्यात बसू नये म्हणून वाजवणारा गाडीच्या मागच्या फळीशी, म्हणजे टेलगेटपाशी. कॉर्नेट-क्लॅरिनेटच्या खालची जागा भरायची, हे त्याचं काम. तबल्याकडून ताना मागता का?

वरातवाला:
दांड्यावरून आठवलं. मी चार हंगाम वरातीत ट्रॉम्बोन वाजवलाय. एकदा 'घसर' घेताना नवरदेवाच्या मामाचा फेटा उडवला. बँडमालकाने रात्रीची बिदागी कापली. तुमच्या ओरीला निदान गाडी तरी होती.

गावकर:
श्रेयाचं बोला. 'मस्क्रॅट रॅम्बल' (1926) ओरीच्या नावावर, पुढे लुई म्हणाला धून माझी. निदान भांडायला नाव तरी होतं! आमच्या गोंयकारांनी हिंदी सिनेमाचा अख्खा वाद्यमेळ लिहिला. संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळ बांधून देणारे सेबॅस्टियन डिसोझा किती जणांना माहीत आहेत?

खडूस:
आलं गोवा! चाल संगीतकाराचीच असते. 'अलबेला' सिनेमाचं संगीत अण्णांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचंच.

गावकर:
आणि त्यांचा सहायक, आमचा गोंयकार ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, काय चहा आणायचा? ट्रम्पेट काढून ऐका ती गाणी. माझे आजोबा रात्रभर नोटेशन उतरवून सकाळी स्टुडिओत धावायचे. घरात एका रेकॉर्डवर त्यांचं नाव नाही. मला चाल शिकवू नका.

वरातवाला:
धागा ओरीचा होता ना?

खडूस:
गावकर, आजोबांचं वाचून वाईट वाटलं, तरी चाल ती चालच. आणि मंद्र, तिशीच्या दशकात धंदा बसल्यावर कोंबड्या पाळणारा माणूस 1944 मध्ये ऑर्सन वेल्सच्या रेडिओ कार्यक्रमातून परत उभा राहतो, एवढं मान्य. पाठीचा कणा अव्वल. ट्रॉम्बोन दुय्यमच.

मंद्रसप्तक:
उपकार झाले. टीगार्डन ऐकतोय. बरा आहे.