नोमोनं २६ व्या वर्षी रिटायरमेंट काऊन घेतली?

संत्राबर्फी
भाऊ लोक, माझा भाचा सॉफ्टबॉल खेळते, पिचर म्हणजे बॉल टाकणारा आहे, त्यानं काल जपानी बेसबॉल पिचर हिदेओ नोमोचा जुना व्हिडिओ दाखवला. हा माणूस दोन्ही हात डोक्यावर नेते, मग बॅटरकडे पूर्ण पाठ करते अन् गर्रकन वळून बॉल सोडते. मी पडलो क्रिकेटवाला, मला वाटलं मस्करी करून राह्यला. मग वाचलं की हा जपानमध्ये रिटायर झाला अन् १९९५ मध्ये लगेच अमेरिकेत खेळला. वय २६! हे कसं काय बॉ?

जामठा_पूर्व_स्टँड
तीच तं गंमत आहे राजा. १९९० मध्ये जपानच्या किंतेत्सू बफेलोज क्लबकडून पहिलाच सीझन, पिचर म्हणून नावावर १८ विजय, २८७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट), बेस्ट रूकी म्हणजे नवा खेळाडूही हाच अन् एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडूही हाच. पहिली चार वर्षं त्यांच्या पॅसिफिक लीगमध्ये विजय अन् स्ट्राइकआउट दोन्हीत हाच पुढे. पण तिकडे फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या क्लबकडे जायला मोकळा, व्हायला तेव्हा दहा वर्षं लागत, क्लब सोडत नसे. त्याचा एजंट डॉन नोमुरा यानं नियमातली फट शोधली, की खेळाडू स्वतःहून रिटायर झाला तं जपानमध्ये त्याच्यावर क्लबचा हक्क राहते, बाहेरच्या देशात नाही. झालं, घेतली रिटायरमेंट, गेला अमेरिकेच्या डॉजर्स क्लबकडे. २ मे १९९५ ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिली मॅच, पाच इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही. वर्षाखेर १३ विजय, २३६ स्ट्राइकआउट, तिथंही रूकी ऑफ द इयर. आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच, म्हणजे तिकडची फायनलच, रद्द झाली होती, पब्लिक वैतागली होती, अन् हा पाहुणा येऊन स्टेडियम भरवून राह्यला.

हुकलेला_यॉर्कर
हिरोगिरी ठीक आहे, पण क्लबच्या बाजूनं पहा ना. तुम्ही पोट्टा घडवायचा अन् त्यानं कागदी रिटायरमेंट देऊन सटकायचं. नंतर ती फट बुजवली अन् १९९८ पासून पोस्टिंग सिस्टीम आणली, म्हणजे खेळाडू न्यायचा तं अमेरिकी क्लबनं जपानी क्लबलाही पैसे द्यायचे. मला तं तेच बरं वाटते.

जुना_पिचर
@हुकलेला_यॉर्कर, घडवला कोणी? ॲक्शन बदलायची नाही या अटीवरच तो क्लबमध्ये गेला होता. पहिले मॅनेजर ओगी यांनी ती पाळली. १९९३ मध्ये सुझुकी आले, ते स्वतः ३१७ मॅच जिंकलेले पिचर, त्यांचं याचं काही पटलं नाही. १९९४ च्या जुलैत एकाच मॅचमध्ये त्याच्याकडून १९१ बॉल टाकून घेतले, १६ वॉक दिले (चार चुकीचे बॉल पडले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर) तरी उतरवला नाही, मॅच जिंकली म्हणा. पुढे खांदा दुखला अन् त्या सीझनला फक्त ८ विजय. मी नववीत होतो तेव्हा आमच्या कोचनं माझी ॲक्शन "पुस्तकातल्यासारखी" केली, तीन महिन्यांत स्पीड गेला, कंट्रोल काही आला नाही, अन् मी गुपचूप फर्स्ट बेसवर जाऊन उभा राह्यलो. म्हणून नोमोचं मले पटते.

बाकी तो नुसता पाठ दाखवायच्या स्टाइलवर नव्हता. खरं हत्यार फोर्कबॉल, दोन बोटांत बॉल फसवायचा, बॅटरला फास्ट वाटते अन् प्लेटजवळ, म्हणजे बॅटरपुढे, धपकन पडते. १९९६ मध्ये डेन्व्हरला पावसानं माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, निसरडा झाला होता, पाय सरकू लागला तं त्यानं मधूनच वाइंडअप, म्हणजे ती पाठ फिरवायची लांब ॲक्शन, सोडला, साध्या पोझिशनमधून टाकला अन् तरी नो-हिटर काढला, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये एकही हिट दिला नाही! तिथं हवा विरळ, बॉल लांब उडते, पिचर लोक घाबरतात त्या ग्राउंडला. २००१ मध्ये बोस्टनकडून दुसरा नो-हिटर. अमेरिकेत एकूण १२३ विजय.

अन् संत्राबर्फी, भाच्याला सांगा, सॉफ्टबॉलमध्ये हात खालून येते, पाठ फिरवून काही व्हायचं नाही.

संत्राबर्फी
उशीर केला भाऊ. आज भाच्यानं अंगणात पाठ फिरवून टाकला, तुळशीची कुंडी गेली. ताई मलाच बोलून राह्यली. भाचा म्हणते फोर्कबॉलसाठी बोटं पुरत नाहीत, हे कोणत्या वयात जमते सांगा.