आज्ज्याच्या घोंगड्याचा कोट शिवला, चुकलं का माझं?

निळी_बॉबिन (सातारा)
नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आई घरी ब्लाउज शिवते त्यामुळं पायमशीन आठवीपासनं माझ्या हातात आहे. डिझायनिंगचा कोर्स वगैरे काही केलेला नाही, जे येतंय ते आईचं बघून, जुने कपडे उसवून परत जोडून आणि व्हिडिओ बघून आलंय.

माझा आज्जा म्हसवडकडचा, मेंढरं राखायचा. त्याच्या मागं घरात दोन काळी घोंगडी राहिली. एक आईनं ट्रंकेत जपून ठेवलंय, दुसऱ्याला कसर लागून मधे भोकं पडली होती ते मला दिलं. लहानपणी आज्जा पावसात घोंगड्याची खोळ घेऊन निघाला की पाठीमागनं माणूस दिसायचाच नाही, नुसता एक काळा त्रिकोण माळावरनं चाललाय असं वाटायचं. पिंटरेस्टवर मी शेकड्यानं कोट सेव्ह केलेत, पण स्वतःला काय घालावंसं वाटतंय असा विचार केला की तो त्रिकोणच डोळ्यापुढं येतो. म्हणून मी त्याचा टोपीवाला कोट शिवला, आत लाल खणाचं अस्तर लावलं, आणि कॉलेजच्या गॅदरिंगला घालून गेले. फोटो सोबत टाकलाय. बऱ्याच जणांना आवडला. पण एक ओळखीचे काका म्हणाले की मेंढक्यांच्या गरिबीचं तू प्रदर्शन मांडलंस. ते मला लागलं, चार दिवस झोप नाही. खरंच चुकलं का?

जतचा_वाटसरू
ताई, राग मानू नका पण तुमच्या काकांचं मला पटतंय. आम्ही धनगर. माझे वडील वर्षातले सहा-सात महिने मेंढरांमागं बाहेर असायचे आणि तेवढे दिवस घोंगडं हेच त्यांचं अंथरूण, पांघरूण, छत्री सगळं. वाटेत मेंढी व्याली तर ओलं कोकरू त्यातच गुंडाळून खांद्यावर. मी शाळेत जायचो तेव्हा माझ्या अंगाला त्या लोकरीचा वास यायचा आणि शेजारी बसणारा पोरगा सरकून बसायचा, हे मी अजून विसरलेलो नाही. आता तेच स्टेजवर लाइट मारून घातलं की टाळ्या. मग आम्हाला तेव्हा का नाही मिळाल्या?

दुसरं म्हणजे आरेवाडीला बिरोबाच्या बनात जाऊन बघा, आमच्यात घोंगडं देवाच्या कामाला लागतं, त्याला कात्री लावायची म्हणजे काळजात चर्र होतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमधे कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो. तुमचं मन चांगलं आहे, पण तुम्ही केलं ते त्याहून वेगळं कसं?

पोवईनाका_९
वेगळं आहे हो दादा, फार वेगळं आहे! प्राडा बाहेरची कंपनी, नाव न सांगता उचललं आणि बोंबाबोंब झाल्यावर मान्य केलं की डिझाइन भारतातल्या हातानं बनवलेल्या चपलांवरनं सुचलं. ही पोरगी तर पहिल्या वाक्यापासनं सांगतीय आज्ज्याचं आहे, म्हसवडचं आहे. कोल्हापुरीला २०१९ ला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांसाठी आहे, म्हणजे ती आपलीपण आहे, पण घरातलं कसर लागलेलं घोंगडं नातीनं वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि खरं सांगू का, घोंगडं आता घेतं कोण? सोलापुरी चादर आहे, मिलचं ब्लँकेट आहे, लग्नात आहेराला तर मऊ मिंक ब्लँकेटच लागतं. तुमच्या जतकडची माडग्याळी मेंढी लोक मटणासाठी पाळतात, लोकरीसाठी नाही. मेंढरं कातरल्यावर लोकर तशीच टाकून दिलेली मी डोळ्यानं बघितलीय. ट्रंकेत ठेवून काय वाचणार आहे? माझ्या मते घोंगड्याचं सगळं भिजत पडलंय ते असं कुणीतरी अंगावर घेतल्याशिवाय सुटणार नाही.

शिंपीण_मिरज
मला दोघांच्याही भांडणात पडायचं नाही, मी तीस वर्षं मशीनवर आहे, मी कोट बघितला. तुझा फोटो मोठा करून बघितला बाळा. डावा खांदा पुढं आलाय, काखेत चुणी पडलीय आणि टोपीच्या शिवणीतनं दोरे सुटायला लागलेत. आज्ज्याची आठवण शिवण धरून ठेवत नाही. त्याला शिवणच लागते!

घोंगडं जाड आणि सैल विणीचं असतं, कापलं की कडेनं उलगडतं, म्हणून कापायच्या आधी खडूच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी मशीन मारून घ्यायची आणि मग मधनं कात्री. सुई अठरा नंबर, टाका मोठा. आणि आधी मांजरपाटावर अख्खा कोट कच्चा शिवून अंगावर घालून बघायचा, मग खऱ्या कापडाला हात लावायचा. हे तू केलं नाहीस हे दिसतंय. प्रेरणा बिरणा नंतर. आधी वर्षभर एखाद्या मास्तरकडं बस नाहीतर रीतसर शिक. आपल्याकडं पोरी दोन कपडे शिवतात आणि नावापुढं डिझायनर लिहितात, मला ते बघवत नाही.

निळी_बॉबिन (सातारा)
काकू, मांजरपाटाचं खरंच केलं नव्हतं. तेवढं कापड आणायला पैसे नव्हते आणि धीरही नव्हता. खांद्याचं मला घालतानाच कळलं होतं पण गॅदरिंग दुसऱ्या दिवशी होतं.

अजून एक सांगते, इथं नाही सांगितलं तर बरोबर वाटणार नाही. कापायच्या आधी वास जावा म्हणून मी एक तुकडा कढत पाण्यात साबण घालून चोळला. पहिल्यांदा पाणी बुळबुळीत आणि मातकट झालं, आई म्हणाली ती चिंचोक्याची खळ सुटतीय, विणल्यावर लावतात ती. मग तुकडा आकसायला लागला. हातभर होता तो वीतभर झाला, कडक, जाड, विणीतला धागासुद्धा वेगळा दिसेना. मी तो तुकडा घेऊन मोरीत बसून रडले, कारण आज्ज्याचं तेवढं घोंगडं गेलं ते गेलंच. बाकीचं मग गार पाण्यातनंच काढलं.

जतच्या दादांना काय उत्तर द्यावं मला कळत नाही. मला टाळ्यांसाठी नव्हतं करायचं. पण टाळ्या मिळाल्या आणि बरं वाटलं, हेही खरं आहे.

उभाआडवा (इचलकरंजी)
रडू नको, तो तुकडा फेकून दिला नसशील तर जपून ठेव! मी टेक्स्टाइल शिकतोय. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि चोळणं तिन्ही एकत्र झालं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आकसून नमद्यासारखं, म्हणजे न विणता दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखं होतं. युरोपात आल्प्सच्या डोंगराळ भागात लोडन नावाचं कोटाचं कापड असंच मुद्दाम आकसवून करतात, वारा अडतो, पाऊसही बराच अडतो आणि मुख्य म्हणजे कापल्यावर दोरे सुटत नाहीत. म्हणजे काकूंनी जो दोष दाखवला त्याचा इलाज तुझ्या हातानं चुकून झालाय.

काकूंचं मला अर्धंच पटलं. कोर्स केला तर चांगलंच, आमच्या डीकेटीईसारखी कॉलेजं जवळ आहेत, पण आधी शिक मग सुचू दे असं होत नसतं. कोर्सला असलेल्या कितीतरी पोरांना शिवता येतं आणि काय शिवायचं तेच कळत नाही. हिला तो त्रिकोण आधी दिसलाय.

पण माझंही एक म्हणणं आहे, जुनं घोंगडं परत कापू नकोस. विणकराकडनं नवीन विणून घे, मानेपाशी जावळाची लोकर वापर म्हणजे टोचणार नाही, पहिल्या कातरणीची असते ती, मऊ. त्याचे पैसे विणकराला पोचतील. आज्ज्याचं घोंगडं कापून विणणाऱ्याला काय मिळालं?

शिंपीण_मिरज
आकसलेलं कापड चालेल, पण मग सगळं कापड आधी आकसवून घ्यायचं आणि नंतर माप काढायचं, उलटं केलंस तर कोट बाहुलीला होईल. आणि मांजरपाट माझ्याकडनं घेऊन जा. दुकानात कच्चे तुकडे पडलेले असतात, पैसे नकोत.

जतचा_वाटसरू
मी सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही. जुनं घोंगडं कापायला नको होतं, आणि पोवईनाका म्हणतात तसं नुसतं घातल्यानं वाचतं हेही मला पटत नाही, घालणारे शहरात वाचतात, मेंढका माळावरच राहतो. नवीन विणून घेणार असाल तर माझी हरकत नाही. मात्र घोंगडी विणणाऱ्या ज्या सनगराकडनं विणून घ्याल त्याचं नाव कोटाच्या आत शिवा, तुमचं बाहेर लावायचं तर लावा.

एवढा वेळ बोललो नव्हतो ते आता सांगतो. फोटोतली तुमची टोपी चुकलीय. तुम्ही ती गळ्याला शिवलीय, त्यामुळं सगळं वजन मानेवर येतंय आणि पाऊस आला तर पाणी कॉलरमधे उतरेल. खोळ गळ्याला कधीच बसत नाही. घोंगड्याचा कोपरा आत दुमडायचा, बाहेर नाही, तो खिसा डोक्याच्या माथ्यावर ठेवायचा आणि बाकीचं पाठीवरनं सरळ खाली सोडायचं, म्हणजे पाणी टोकावरनं पाठीमागं ओघळून जातं आणि पुढनं दोन्ही हात मोकळे राहतात, काठीला आणि कोकराला. वडिलांचं घोंगडं माझ्याकडं आहे. ते कापायला मी कुणालाच देणार नाही. पण दुमड कशी घालायची त्याचे फोटो उद्या सकाळी उजेडात काढून इथं टाकतो, एक समोरनं आणि एक पाठीमागनं.